हल्ला भ्याड कशाने ठरतो?

राजकीय हेतूने केलेल्या हिंसेचा निषेध करताना ‘भ्याड’ हे विशेषण जवळपास ठरलेलेच असते. गर्दीच्या ठिकाणी बाँबस्फोट झाला, एखाद्या पुढाऱ्यावर किंवा लेखकावर गोळ्या झाडल्या गेल्या, की पहिल्याच निवेदनात ‘भ्याड हल्ला’ हे शब्द येतात. त्यामागचा संताप खरा असतो. पण हल्ला निर्घृण होता, अन्याय्य होता, हे सांगणे वेगळे आणि तो भ्याड होता, हे सांगणे वेगळे. निर्घृण म्हणताना बळी पडलेल्यांवर काय ओढवले ते सांगितले जाते. भ्याड म्हणताना मारणाऱ्याच्या मनाविषयी दावा केला जातो, आणि तो तपासून घ्यावा लागतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हा हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. विमानांचा ताबा घेणारे १९ जण स्वतःही मेले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याच दिवशी हे कृत्य बिनचेहऱ्याच्या भ्याडाचे असल्याचे सांगितले. लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लिहिले, की धैर्य हा गुण नैतिकदृष्ट्या तटस्थ असतो आणि हल्लेखोरांना दुसरे काहीही म्हणता आले, तरी भ्याड म्हणता येणार नाही. दूरचित्रवाणीवरचे निवेदक बिल माहर याच अर्थाचे बोलले. त्यांच्या कार्यक्रमाचे जाहिरातदार निघून गेले आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम बंद झाला. वाद कडवट झाला, पण सॉन्टॅग आणि माहर यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: भ्याडपणा म्हणजे स्वतःच्या मरणाची भीती, आणि जो मरायला तयार आहे तो भ्याड नव्हे. तिथेच त्यांचा विचार अपुरा पडला.

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात शौर्याची जागा भ्याडपणा आणि अविचारी धाडस यांच्या मध्ये ठरवली. त्याच्या मते शूर माणसालाही भीती वाटते. पण ज्याला सामोरे जायचे त्याला तो योग्य कारणासाठी, योग्य रीतीने आणि योग्य वेळी सामोरा जातो. दारिद्र्य, विरह किंवा दुःख टाळण्यासाठी मरण पत्करणाऱ्याला त्याने शूर मानले नाही. तो भ्याडच, असे त्याचे म्हणणे. मरणाची तयारी ही शौर्याची खूण असू शकते, पुरावा मात्र नाही. भ्याडपणा म्हणजे जे सोसणे किंवा ज्याला तोंड देणे आपले काम होते, ते भीतीपोटी चुकवणे. राजकारणात जो बळ वापरतो त्याने काय चुकवू नये? ज्याच्याशी वैर आहे त्याला गाठणे, केलेल्या कृत्याचा जाब देणे, आणि आपल्या लढ्याची किंमत तिऱ्हाइताच्या अंगावर न ढकलणे. या तिन्हींपैकी काही भीतीने टाळले गेले, तर हल्लेखोराचा हात थरथरला नसला तरी कृत्य भ्याडच म्हणावे लागते.

अचानक, अंधारात, लपून केलेला हल्ला तेवढ्यानेच भ्याड ठरतो, ही समजूत आधी बाजूला करायला हवी. महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या महिन्यात, शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी पुण्यातल्या लाल महालात शिरले. भोवती मोगलांच्या प्रचंड फौजेचा तळ होता. लक्ष्य होता मोहिमेचा सेनापती शाएस्तेखान. तो बोटे गमावून निसटला, त्याचा मुलगा मारला गेला. अंधाराच्या गोंधळात आणखीही माणसे मारली गेली, हे लपवण्याचे कारण नाही. पण राजा स्वतः आत शिरला होता, आणि मारायचे होते ते आक्रमण करून आलेल्या सेनापतीला. कमी बळ असलेल्याने वेळ, जागा आणि अंधार यांचा आधार घेणे म्हणजे युद्धातली बुद्धी आहे.

याच्या शेजारी महाभारतातले सौप्तिकपर्व ठेवून पाहावे. तिथेही रात्र आहे, शत्रूचा तळ आहे आणि चालून आलेले तिघेच आहेत. निजलेल्यांना मारू नये, असे कृपाचार्य बजावत असताना अश्वत्थामा ऐकत नाही. त्याला जिवाचे भय आहे असे महाभारतकार कुठेच सुचवत नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या भयंकर भूतापुढेही तो मागे हटत नाही. पण ज्यांच्याशी वैर होते ते पाच पांडव त्या रात्री छावणीत नव्हते. मारले गेले झोपेतले वीर आणि द्रौपदीचे पाच मुलगे. धृष्टद्युम्नाने निदान शस्त्राने मरण दे अशी विनवणी केली, तीही नाकारली गेली. जीव वाचवायला बाहेर धावणाऱ्यांना कृप आणि कृतवर्म्याने दाराशी कापले. पुढे पांडव समोर आल्यावर अश्वत्थाम्याने आपले अस्त्र वळवले ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. ज्याला गाठायचे त्याच्यापासून वळून जो उलटून काहीच करू शकत नाही त्याच्यावर शस्त्र चालवणे, हा त्या कृत्याचा गाभा आहे.

आधुनिक युद्धकायद्यानेही ही रेषा बरीचशी अशीच आखली आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात हुलकावणी, दबा, दिशाभूल यांना मुभा आहे. पण शरण आल्याचे, नागरिक असल्याचे किंवा जखमी असल्याचे सोंग करून शत्रूचा विश्वास मिळवणे आणि मग त्याला ठार मारणे निषिद्ध आहे. चकवणे चालते, विश्वासघात चालत नाही. सैनिक आणि नागरिक यांत फरक करण्याचे बंधनही त्याच करारात आहे.

लक्ष्याच्या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण रशियातले आहे. झारचे काका ग्रँड ड्यूक सेर्गेई यांना मारण्याची कामगिरी १९०५ मध्ये इव्हान काल्यायेव या तरुण क्रांतिकारकाकडे होती. फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी ड्यूकची बग्गी मॉस्कोत त्याच्या समोरून गेली. बाँब हातात होता. पण बग्गीत ड्यूकबरोबर त्यांची पत्नी आणि दोन लहान मुले दिसली आणि काल्यायेवने हात आवरला. पकडले जाण्याचा, कट फुटण्याचा, साथीदारांच्या रोषाचा धोका त्याने पत्करला. दोनच दिवसांनी ड्यूक एकटे असताना क्रेमलिनमध्ये त्याने बाँब टाकला, तो जागीच पकडला गेला, त्याने दयेचा अर्ज नाकारला आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो फासावर गेला. आल्बेर काम्यूच्या १९४९ मधल्या एका नाटकाचा विषय हीच घटना आहे. ड्यूकचा खून समर्थनीय होता की नाही, यावर मतभेद राहतील, राहायलाही हवेत. पण तो खून भ्याड होता असे म्हणता येत नाही. आपल्या ध्येयाची किंमत मुलांच्या जिवाने चुकवायला काल्यायेव तयार नव्हता. त्याने ती स्वतःच्या जिवाने चुकवली.

मुझफ्फरपूरमध्ये असा क्षण आलाच नाही. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्ड यांची समजून दुसऱ्याच गाडीवर बाँब टाकला. मेल्या त्या बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी आणि मुलगी. चाकीने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडली, खुदीराम ११ ऑगस्टला फाशी गेला. त्या दोघांना भ्याड म्हणणे अन्यायाचे होईल. पण बंद गाडीत कोण आहे हे न पाहता बाँब टाकण्याची पद्धत निष्पापांना धोक्यात घालणारी होती, हेही तितकेच खरे. दोष धैर्याच्या अभावाचा नव्हता, काळजीच्या अभावाचा होता, आणि हे दोन दोष वेगळे ठेवले तरच विचार स्पष्ट राहतो.

मदनलाल धिंग्रा यांच्या बाबतीत मते थेट दोन टोकांना गेली. १ जुलै १९०९ च्या रात्री लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमधल्या एका मेळाव्यात त्यांनी भारतमंत्र्यांच्या कार्यालयातले अधिकारी सर विल्यम कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही मारले गेले. धिंग्रा पळाले नाहीत. खटल्यात कृत्य नाकारले नाही. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी झाली. लंडनमध्ये झालेल्या निषेधसभेत ठराव एकमताने मंजूर झाल्याचे जाहीर होताच विनायक दामोदर सावरकर यांनी उभे राहून विरोध नोंदवला. त्याच महिन्यात लंडनला पोहोचलेल्या गांधींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये नेमके उलट लिहिले: धिंग्रा भ्याडासारखे वागले. त्यांचा मुद्दा असा होता, की वायली पाहुणे म्हणून आले होते आणि पाहुण्याला बेसावध गाठून मारण्यात शौर्य नाही. धिंग्रांनी धैर्य दाखवले असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते, की नशा दारूचीच असते असे नाही, वेड्या कल्पनेचीही असते, आणि खरे धैर्य दीर्घकाळ सोसण्यात आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी लिहिली, ती आजही वाचण्यासारखी आहे: शिक्षेला पात्र कोणी असेल तर या तरुणाला चिथावणारे. गंमत नव्हे तर विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या लॉइड जॉर्ज आणि चर्चिल यांनी खासगीत धिंग्रांच्या देशभक्तीची तारीफ केल्याची नोंद विल्फ्रिड ब्लंट यांच्या रोजनिशीत आहे.

यात कोण बरोबर? गांधींचा विश्वासाचा मुद्दा वजनदार आहे. मेळाव्यात सगळे एकमेकांच्या सौजन्यावर विसंबून निःशस्त्र येतात. त्या विसंबण्याचाच हत्यार म्हणून उपयोग झाला. पण जाब देण्याच्या कसोटीवर धिंग्रा पूर्ण उतरतात. एकाच कृत्याचा एक भाग भ्याड आणि दुसरा निर्भय असू शकतो, हे मान्य करायला जड जाते, म्हणूनच अशा वादांत दोन्ही पक्ष एकेका भागावरून सगळ्या माणसाचा निवाडा करून टाकतात. गांधी स्वतः प्रत्येक हिंसेला भ्याड म्हणत नव्हते. ऑगस्ट १९२० च्या ‘यंग इंडिया’तल्या लेखात त्यांनी लिहिले, की भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच मार्ग उरले तर आपण हिंसेचा सल्ला देऊ. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला होता. आपण तिथे असतो तर काय करायला हवे होते, या थोरल्या मुलाच्या प्रश्नाला त्यांनी बळ वापरूनही आपले रक्षण करावे असेच उत्तर दिले होते.

८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात रिकाम्या बाकांच्या दिशेने बाँब टाकले. जीव जाऊ नये अशा बेताने टाकलेले बाँब, पत्रके, पळायची संधी असूनही जागेवर उभे राहणे: न्यायालयाला व्यासपीठ करायचे, हाच त्यांचा हेतू होता. जो जाब देण्यासाठीच कृती करतो त्याच्या उलट टोकाला जाब टाळण्यासाठी रचलेली कृती असते.

या कसोट्यांची सर्वांत अवघड परीक्षा ३० जानेवारी १९४८ ला होते. नथुराम गोडसे समोरून आला, गर्दीत उभा राहून त्याने गांधींवर तीन गोळ्या झाडल्या, तो पळून गेला नाही आणि न्यायालयात त्याने कृत्य मान्य केले. जिवाचे भय नाही, जबाबदारी नाकारणे नाही. तरीही या हत्येला भ्याड म्हणावेसे वाटते, ते केवळ दुःखामुळे नव्हे. गांधी ७८ वर्षांचे होते, उपोषणाने खचलेले होते, निःशस्त्र होते. दहा दिवसांपूर्वी त्याच प्रार्थनासभेत स्फोट झाल्यावरही येणाऱ्यांची झडती घ्यायला त्यांनी नकार दिला होता. रोज संध्याकाळी ते लोकांसमोर बसत, विरोधकांची पत्रे वाचत, आक्षेपांना उत्तरे देत. त्यांना हरवायचे तर वाद घालायचा मार्ग रोज उघडा होता. तो वाद लोकांपुढे जिंकता येत नव्हता, म्हणून बोलणाराच नाहीसा केला गेला. इथे भीती मरणाची नव्हती. समोरच्याच्या शब्दाची होती. शब्दाला शब्दाने उत्तर देता न आल्यामुळे उचललेले शस्त्र हे भीतीचेच शस्त्र असते, मग ते चालवणारा फाशीला हसत गेला तरी.

गांधींच्या हत्येनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मारेकऱ्याशी काही संबंध नसलेली कुटुंबे केवळ जातीमुळे लक्ष्य झाली. जमावाच्या हिंसेत भ्याडपणा सर्वांत स्वस्त असतो: एकट्याने जे करायची छाती झाली नसती ते माणूस शंभरांत करतो, आणि उद्या विचारणा झाली तर शंभरांतला कोणीही ‘मी नव्हतो’ म्हणू शकतो. देशातल्या बहुतेक दंगलींना हे लागू पडते.

सत्तेची हिंसाही या विचारातून सुटत नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरने जालियनवाला बागेत कोणताही इशारा न देता सुमारे दहा मिनिटे गोळीबार चालू ठेवला. १६५० फैरी झाडल्या गेल्या; सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मेली, काँग्रेसच्या चौकशीनुसार हजाराच्या आसपास. लोक पळत होते तिकडेच नेम धरले जात होते. या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे डायरने काही लपवले नाही. उलट त्याने सांगितले, की गोळीबार न करताही जमाव पांगवता आला असता, पण लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते. आपले हसे झाले असते. बंदुका हातात असलेल्या सेनापतीला निःशस्त्र लोकांच्या हसण्याची भीती वाटली आणि त्या भीतीची किंमत शेकडो माणसांनी दिली. कबुली स्वच्छ असली, तरी लक्ष्याच्या आणि हेतूच्या बाबतीत इतके भ्याड कृत्य इतिहासात थोडेच सापडेल.

आधुनिक दहशतवादात या सगळ्या खुणा एकत्र येतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले. कामावरून घरी निघालेली १८०हून अधिक माणसे मेली. यात कोणाशी वैर होते? डब्यात कोण असेल, हे बाँब ठेवणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि ते जाणून घेण्याची त्याला गरजही नव्हती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले. ते बाँब कोणाचे, हे मेलेल्यांच्या घरच्यांना निःसंशय सांगता येईल अशी स्थिती अजूनही नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारेकरी मरायला आले होते. दहांपैकी नऊ मारले गेले, अजमल कसाब जिवंत सापडला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी गेला. १६६ जणांचा बळी गेला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत सामानावर बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडण्यात धाडस होते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या तरुणांना मरणाची भीती वाटत होती असेही दिसत नाही. भ्याडपणाचा मोठा वाटा दुसरीकडे होता. हल्ला चालू असताना पाकिस्तानात बसलेले सूत्रधार फोनवरून सूचना देत होते. दूरचित्रवाणीवर दृश्ये पाहून कुठे आग लावा, ओलिसांचे काय करा, जिवंत पकडले जाऊ नका, हे ते सांगत होते. त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. मरण वाटून देणारे हे लोक स्वतः त्याच्यापासून समुद्रापलीकडे होते. धिंग्रांविषयी लिहिताना गांधींनी ज्यांच्याकडे बोट दाखवले होते, ते चिथावणारे इथे प्रत्यक्ष ऐकू येतात.

माणूस मारून त्याचे विचार थांबवण्यासाठी झालेल्या हत्यांमध्ये मारणारे आणि सूत्रधार यांची ही विभागणी आणखी नेटकी असते. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर, ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी यांच्यावर आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश यांच्यावर घराजवळ किंवा घराच्या दारातच गोळ्या झाडल्या गेल्या. चौघेही लिहिणारे, बोलणारे, पत्ता सर्वांना माहीत असलेले. दाभोलकर ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते. गावोगाव सभा घेऊन ते विरोधकांना चर्चेला बोलावत. कोणत्याही मारेकऱ्याने कृत्यानंतर उभे राहून ‘मी हे अमुक कारणासाठी केले’ असे सांगितले नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि उरलेल्या तिघा आरोपींची पुराव्याअभावी सुटका केली. त्याच निकालात न्यायालयाने नोंदवले, की हत्येमागचे मुख्य सूत्रधार वेगळेच आहेत आणि पुणे पोलीस व सीबीआय या दोन्ही यंत्रणांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही.